मुलाचा दमा, मालकांचा बंब आणि सासूबाईंची मिश्री... कुणाला काय आणि कसं सांगायचं?

पेठेतली_आई

नमस्कार मंडळी. जरा मोठं लिहितेय, पण वाचा प्लीज. मुलगा सहा वर्षांचा, पहिलीत आहे. गेल्या पावसाळ्यापासनं रात्रीचा खोकतोय. म्हणजे दिवसभर ठणठणीत, गल्लीत बॉलच्या मागं पळतोय आणि रात्री दोन-अडीचला उठून बसतो, छातीतनं सूं सूं आवाज, आडवं झोपवत नाही, मग मी त्याला खांद्यावर घेऊन भिंतीला टेकून बसते. आधी कफ सिरप झाली, अँटिबायोटिक झाली, आता मुलांच्या डॉक्टरांनी दमा आहे असं स्पष्ट सांगितलं. दोन पंप दिलेत, एक रोजचा, एक लागेल तेव्हाचा, आणि म्हणाले घरातला धूर, धूळ, ओल कमी करा.

आता अडचण ऐका. आम्ही कोल्हापुरात मंगळवार पेठेत भाड्यानं राहतो, दोन खोल्या, जुनं घर. धूर आमचा नाहीच! मालकांचा बंब बोळात आहे, आमच्या खिडकीच्या बरोब्बर खाली. पहाटे साडेपाचला पेटतो, आणि पेटवायला दुधाच्या पिशव्या, जुन्या चपला, हाताला लागंल ते. ओलपण मालकांचीच, मागची भिंत पाझरते, पावसाळ्यात कपाटामागं काळी बुरशी येते, सांगितलं की उत्तर ठरलेलं, "दिवाळीनंतर बघू". कुठली दिवाळी ते सांगत नाहीत. घरात सासूबाई मिश्री लावतात आणि ती घरातच तव्यावर भाजतात, त्या दिवशी मला सुद्धा ठसका लागतो तर पोराचं काय. रात्री डासांची कॉइल. मिस्टर शिरोली एमआयडीसीत फौंड्रीत आहेत, ते आले की पोरगं आधी त्यांच्या गळ्यात पडतं.

आणि एक कोडं. माझं माहेर कागल तालुक्यात. मे महिन्यात आम्ही तिकडं होतो, एकदा पण खोकला नाही, मी म्हटलं गावची हवा मानवली. दिवाळीला गेलो तर इतका त्रास की भावानं रात्रीच गाडी काढून दवाखान्यात नेलं. तेच घर, तीच माणसं! सासूबाई म्हणतात तुझ्या आईनं केळी आणि दही दिलं असणार.

तर विचारायचं असं की घर बदलावं का, गावाला ठेवावं का, आणि जी गोष्ट आपल्या हातातच नाही ती बंद कशी करायची? डॉक्टरांनी दोन मिनिटांत सांगितलं, घरी येऊन सांगायचं मला आहे.

नाद_खुळा_भावा

ताई टेन्शन घेऊ नका. आमच्या पुतण्याला पण बाळदमा हुता, मोठा झाला तसा आपोआप गेला. पंपाची तेवढी सवय लावू नका, एकदा लागला की सुटत न्हाई म्हणत्यात. कोजागिरीला खिरीतनं औषध देत्यात बघा, रात्रभर जागायचं आणि पहाटं खीर खायची, आमच्या गावातली निम्मी जनता जाऊन आलीया. आणि बंबाचं म्हणाल तर बंबाच्या पाण्याबिगर आंघोळ म्हंजे काय आंघोळ व्हय? आमी सगळी त्याच धुरात वाढलो, झालं का कुणाला काय?

निवृत्त_सिस्टर

भावा, कोजागिरीला जा, खीर खा, रात्रभर गाणी म्हणा. पण त्यासाठी पोराचा पंप बंद करायचा नाही, एवढंच माझं म्हणणं.

मी मुलांच्या वॉर्डात नोकरी करून आता घरी बसलेय, त्यामुळं लांबण लावणार आहे. सवय लागते हे इतक्या वेळा ऐकलंय की आता रागपण येत नाही. साधा हिशोब बघा, लागेल तेव्हाच्या पंपात असतं ते औषध म्हणजे सालब्युटामॉल, त्याची छोटी गोळी २ मिलीग्रॅमची, म्हणजे २००० मायक्रोग्रॅम. पंपाच्या एका फवाऱ्यात तेच औषध १०० मायक्रोग्रॅम, आणि ते थेट श्वासनळीत जातं, पोटातनं रक्तात फिरून नाही. मग जास्त औषध कशात झालं? तरी लोकांना गोळी आणि सिरप साधं वाटतं आणि पंप म्हणजे शेवटची पायरी. रोजचा जो पंप आहे तो नळीच्या आतली सूज उतरवतो, दिल्यादिल्या फरक दिसत नाही म्हणून आया लगेच बंद करतात. लागेल तेव्हाचा पंप आवळलेली नळी तेवढ्यापुरती सैल करतो, सूज तिथंच. दोन्ही स्पेसर, म्हणजे पंपाला जोडायची प्लॅस्टिकची पोकळ नळी, लावूनच द्यायचे, आणि रोजच्या पंपानंतर खळखळून चूळ. स्पेसर परवडत नाही म्हणून पंपच न घेणारी घरं मी बघितलीत. केपटाऊनच्या डॉक्टरांनी अर्ध्या लिटरच्या प्लॅस्टिकच्या बाटलीला पंपाच्या तोंडाएवढं भोक पाडून, कडेनं सील करून दमा उठलेल्या मुलांवर वापरून बघितलं होतं, १९९९ मध्ये ते छापून आलं, विकतच्या स्पेसरइतकंच काम झालं. विकतचा मिळत असंल तर तोच घ्या, पण पैशापायी पोर तडफडत ठेवू नका, सीपीआरला, आपल्या सरकारी दवाखान्यात, मुलांच्या ओपीडीत जाऊन विचारा.

आता तुमचं कोडं. मे महिन्यात माहेरी काय असतं? ऊन, कोरडी हवा, दारं-खिडक्या उघडी, पोरं अंगणात झोपतात, आणि शाळा बंद म्हणजे एकमेकांची सर्दी घेणं बंद. लहान मुलांचा दमा उठतो तो बहुतेक वेळा साध्या सर्दीच्या व्हायरसनं, हे लक्षात ठेवा. आणि दिवाळीत काय असतं? कागल-करवीर पट्ट्यात गुऱ्हाळं पेटलेली, चुलवाणात चिपाडं जळताहेत, ऊस तुटला की फडात पाचट पेटवतात, संध्याकाळी गारठा पडला की तो धूर वर जात नाही, गावावरच बसतो. त्यात फटाके. त्यात पाहुणे आले म्हणून माळ्यावरनं काढलेल्या वाकळा, पावसाळाभर ओल धरलेल्या, त्यात डोळ्याला न दिसणारे धुळीतले किडे. केळी-दह्याला उगाच फाशी देऊ नका, पोराचं खाणं तोडून दमा जात नाही, पोर तेवढं वाळतं.

पण हे मी इथं बसून सांगतेय, तुमच्या पोराचं नेमकं काय ते तुम्हीच शोधायचं. भिंतीवरच्या कॅलेंडरवर ज्या रात्री खोकला त्या तारखेला फुली मारा आणि शेजारी एकच शब्द, बंब, मिश्री, सर्दी, पाऊस, असं. हे बारकं काम नाही. १९८० च्या दशकात स्पेनमध्ये बार्सिलोना शहरात काही ठरावीक दिवशी दम्याचे पेशंट लोंढ्यानं यायचे, कारणच कळेना. शेवटी तारखा जुळवून बघितल्या, तर ज्या दिवशी बंदरात सोयाबीन उतरवलं जायचं त्याच दिवशी गर्दी. साठवणुकीच्या सायलोला, म्हणजे उंच कोठाराला, धूळ अडवणारे फिल्टर बसवले आणि ते लोंढे थांबले. तोवर सगळा दोष पेशंटच्या छातीचा.

कॉइल मात्र आज रात्रीपासनं बंद. एक कॉइल जळून जेवढे बारीक कण सोडते तेवढ्यासाठी ७५ ते १३७ सिगारेटी जाळाव्या लागतात असं मोजलेलं आहे, आणि आपण ती दार लावून पोराच्या उशाशी ठेवतो. मच्छरदाणी घ्या.

सासूबाईंना तुम्ही काही सांगू नका. खरंच सांगतेय. सुनेनं सांगितलं की तो मिश्रीचा विषय राहत नाही, घरात चालतं कुणाचं हा विषय होतो. पुढच्या वेळी त्यांनाच नातवाबरोबर डॉक्टरांकडं घेऊन जा, आधी डॉक्टरांना फोनवर कल्पना द्या, आणि त्यांच्या तोंडून "आज्जी, तुमचं पोरगं तुमच्या हातात आहे" असं येऊ दे. आमच्या वॉर्डात हे औषध फार चालायचं.

आणि हे सगळ्यांसाठी, श्वास घेताना बरगड्यांमध्ये खड्डे पडायला लागले, एक वाक्य सलग बोलता येईना, ओठ निळे दिसायला लागले तर फोरम उघडायचा नाही, मालक-सासू काही बघायचं नाही, लागेल तेव्हाचा पंप देत देत सरळ दवाखाना.

शिरोली_सेकंड_शिफ्ट

वहिनी मी पण फौंड्रीतलाच, मोल्डिंगला. मिस्टरांना सांगा कंपनीतनं येतानाच कपडे बदलून यायचं, आंघोळ तिथंच करायची, आमच्याकडं शॉवर आहे पण अर्धी पोरं घरी लवकर पोचायच्या नादात तशीच गाडीला किक मारतात. साच्याची ती काळी वाळू म्हणजे नुसती वाळू नसते, त्यात दगडी कोळशाची भुकटी असते, केसात, कानात, शर्टाच्या शिवणीत बसती. ते कपडे पोराच्या कपड्यात मिसळून धुवायचे नाहीत.

बंबाचं मला वाटतं भांडणाचं कामच नाही. बंबाला धुराडं असतंयच, त्याला वरनं पत्र्याचा पाइप जोडा आणि खिडकीच्या वर, छपराच्या पार न्या. उद्यमनगरात कुठल्याबी फॅब्रिकेशनवाल्याकडं माप घेऊन जावा, त्याला नवीन काय नाही. खर्च तुम्ही आणि मालक निम्मा निम्मा. पण दुधाच्या पिशव्या आणि चपला बंद म्हंजे बंद, पाइपनं प्लॅस्टिकचा धूर काय अमृत होत नाही. पेटवायला नारळाच्या शेंड्या द्या आणून, देवळाच्या बाहेर पोतं मिळतंय.

मातीतला_माणूस

माझं थोडं वेगळं मत आहे. हे सगळं अति स्वच्छतेनं झालंय. आम्ही गोठ्यात लोळून मोठे झालो, शेणानं सारवलेल्या घरात झोपलो, आमच्या पिढीत वर्गात एकाला पण पंप नव्हता. आताची पोरं मातीत हात घालत नाहीत, सॅनिटायझर लावतात. पोराला गावाला ठेवा दोन वर्षं, म्हशीच्या मागं फिरू दे, दमा बिमा सगळा विसरंल.

निवृत्त_सिस्टर

मातीतल्या माणसा, तुमच्या बोलण्यात तथ्य आहे, म्हणून खोडून काढत नाही, फक्त पुरं करते. अमेरिकेत अमिश आणि हटराइट असे दोन शेतकरी समाज आहेत, मूळ जवळपास एक, राहणी साधी, पण अमिश लोकांची जनावरं घराला लागून आणि मुलं त्यात वाढतात, हटराइट लोकांची शेती मोठ्या यंत्रांची आणि मुलं गोठ्यापासनं लांब. २०१६ मध्ये त्यांची तुलना झाली, अमिश शाळकरी मुलांत दमा ५ टक्क्यांच्या आसपास, हटराइट मुलांत २१ टक्क्यांच्या आसपास. तेव्हा गोठ्याचा उपयोग आहेच. पण तो अगदी तान्हेपणापासनं, कधी कधी आई गरोदर असल्यापासनं. दमा झालेल्या सहा वर्षांच्या पोराला नेऊन म्हशीपाशी बांधलं तर तो बरा होतो असं त्यातनं निघत नाही. आणि आपल्या गावात गोठ्याच्या शेजारी चूल पण असते ना! उज्ज्वलाचा सिलिंडर २०१६ पासनं घरोघर आला, पण आजही तो चहापुरता आणि भाकरी-पाणी चुलीवर, कारण भरायला पैसे लागतात आणि जळण शेतात फुकट.

तुमच्या वर्गात पंप नव्हता हे खरं. पण "छातीनं अधू आहे" म्हणून पळायला न नेलेलं एखादं पोरगं नव्हतं का, आठवून बघा.

शाळेतली_बाई

मी प्राथमिकला शिकवते. आईला एवढंच सांगेन की बाईंना स्पष्ट सांगा आणि पंप शाळेत ठेवा. आमच्याकडं पालक लपवतात, मुलगी असली तर जास्तच, कारण पुढं लग्नात आडवं येईल. पहिलीतल्या पोरीच्या लग्नाची काळजी! मग खेळाच्या तासाला ती धापा टाकते आणि आम्हाला वाटतं नाटक करतेय. एका मुलीचा पंप दप्तरात सगळ्यात खाली, पॉलिथिनमध्ये गुंडाळून, वर तीन गाठी मारून ठेवलेला मिळाला होता. कुणाला दिसू नये म्हणून. दम लागलेल्या पोरीनं त्या गाठी सोडायच्या कधी?

आम्ही आमच्या वर्गापुरतं इतकं केलं की फळा कोरडा न पुसता ओल्या फडक्यानं पुसतो आणि खडूच्या जवळच्या बाकावर अशा मुलाला बसवत नाही. शाळा सुटताना गेटसमोर रिक्षा आणि व्हॅन इंजिन चालू ठेवून उभ्या असतात आणि सायलेन्सरचा धूर बरोबर पहिलीतल्या पोरांच्या तोंडावर, त्याचं मात्र अजून काही जमलेलं नाही, रिक्षावाले मामा हो म्हणतात आणि दुसऱ्या दिवशी परत चालू.

आणि खेळणं बंद करू नका. तुमची पेठ फुटबॉलची, तिथं पोराला घरात बसवलं तर तो दम्यापेक्षा त्यानंच आजारी पडेल. डेव्हिड बेकहॅमला लहानपणापासनं दमा आहे, २००९ मध्ये मॅचवेळी पंप ओढताना त्याचा फोटो आला तेव्हा जगाला कळलं. खेळायच्या आधी पंप घ्यायचा का ते डॉक्टरांना विचारा.

राधानगरी_रोड

सगळे सल्ले चांगले आहेत पण एक गोष्ट खटकते, सगळं आईनंच करायचं. वाकळा धुवा, मिश्री थांबवा, मालकाला पटवा, बाईंना सांगा, कॅलेंडरवर फुल्या मारा. बापाला काम काय, तर आंघोळ करून या.

लंडनमध्ये एला अडू-किसी-डेब्रा नावाची मुलगी होती, वर्दळीच्या मोठ्या रस्त्याजवळ राहायची, दम्यानं २०१३ मध्ये नवव्या वर्षी गेली. तिची आई वर्षानुवर्षं भांडली तेव्हा डिसेंबर २०२० मध्ये तिथल्या मृत्यू-चौकशीत हवेचं प्रदूषण हे मृत्यूच्या कारणांत अधिकृतपणे लिहिलं गेलं. तिथं पण आईच. आपलं कोल्हापूर केंद्राच्या राष्ट्रीय स्वच्छ हवा कार्यक्रमाच्या यादीत आहे, म्हणजे हवा ठरवून दिलेल्या मर्यादेत बसत नाही अशा शहरांत. हा कार्यक्रम २०१९ चा. आणि ती मर्यादा पण काय, पीएम २.५ ची, म्हणजे हवेतल्या अगदी बारीक कणांची, आपली वर्षाची सरासरी घनमीटरला ४० मायक्रोग्रॅमपर्यंत चालते, जागतिक आरोग्य संघटना २०२१ पासनं ५ म्हणते. तेव्हा सासूबाईंच्या तव्याकडं बोट दाखवताना हायवे, भट्ट्या, कचरा पेटतो त्या जागा, फडातली आग, हे पण धरा. शेतकऱ्याला शिव्या देत नाही, मी स्वतः ऊस लावतो, आम्ही पाचट कुट्टी करून सरीतच ठेवतो, त्याच बुडख्यांवर येणाऱ्या पुढच्या उसाला, खोडव्याला, पाणी पण कमी लागतं. पण कुट्टीच्या मशीनला भाडं पडतं आणि काडेपेटी किरकोळ पैशात मिळते, सगळ्यांना परवडत नाही हे पण खरं.

घर बदलायचं म्हणाल तर नीट बघा. पुराच्या पट्ट्यात स्वस्त मिळतं म्हणून जाऊ नका. २०१९ आणि २०२१ च्या पुरात ज्या भिंती पाण्यात होत्या त्यातल्या बऱ्याच ठिकाणी वरनं रंग दिलाय आणि आत अजून ओल आहे, भाड्यानं घेताना हात लावून, कपाट सरकवून बघा.

नाद_खुळा_भावा

सिस्टर, २०००चा हिशोब वाचला. पुतण्याचा दमा गेला म्हटलं खरं, पर वहिनी त्याला अजून गोळ्याच देत्यात, तिला दाखवतो.

पेठेतली_आई

सगळ्यांचे आभार, उशिरा लिहितेय. आधी चांगली बातमी, सासूबाईंना डॉक्टरांकडं नेलं. डॉक्टरांनी त्यांच्याच हातात स्पेसर दिला आणि म्हणाले आज्जी, रोज रात्री तुम्ही द्यायचा. आता घरात पंपाच्या मालक त्या आहेत, मी हात लावलेला चालत नाही! मिश्री सुटली नाही, सुटणार पण नाही, पण भाजायला शेजारच्या काकूंच्या गच्चीवर जातात आणि येताना तोंड-हात धुऊन येतात. कॉइल गेली, मच्छरदाणी आली. नवरात्राची धुणी यंदा लवकर काढली, सगळ्या वाकळा कडक पाण्यात भिजवून मिस्टरांनी आपटल्या, राधानगरी रोड दादांनी वाचावं म्हणून मुद्दाम सांगतेय.

फुल्यांचं म्हणाल तर मला वाटलं होतं मिश्री. निघालं वेगळंच, पाऊस पडून गेल्यावरच्या दोन-तीन रात्री आणि ज्या दिवशी बंब प्लॅस्टिकनं पेटला तो दिवस. म्हणजे भिंत आणि बंब, दोन्ही मालकांचं. गुऱ्हाळाचं दिवाळीत कळेल, माहेरी जायचं तर यंदा पंप दोन्ही बरोबर नेणार आणि रात्री खिडकी फडाच्या बाजूची बंद ठेवणार.

मालकांशी मी बोललेच नाही, मालकीणबाईंशी बोलले. बंब त्याच पेटवतात, धूर पहिला त्यांच्याच डोळ्यात जातो, त्यांनाच तो नको होता पण म्हणणार कोण. पाइप बसला. खोलीतला वास जवळजवळ गेला, पहाटेचा खोकला कमी आहे. भिंत अजून "दिवाळीनंतर".

आता नवीन भानगड, पाइपचं तोंड वरच्या मजल्यावरच्या भाडेकरूंच्या गॅलरीसमोर आलंय आणि त्यांच्या घरात सहा महिन्यांचं बाळ आहे. त्या काल खाली येऊन बोलून गेल्या आणि मला काय बोलावं ते सुचेना, कारण त्यांचं सगळं बोलणं माझंच होतं. शिरोली भाऊ, आणखी वर नेता येईल का?

शिरोली_सेकंड_शिफ्ट

येतंय की. गॅलरीच्या छज्ज्यापासनं छपराच्या शेंड्यापर्यंत किती फूट ते मोजून टाका, पाइप किती इंची घेतलाय ते पण. दोन सांधे वाढतील आणि वरनं टोपी लागंल, नायतर पावसाचं पाणी सरळ बंबात. भिंतीला क्लॅम्प मारायला मालकांना आधी विचारा, ते नाही म्हटले तर मालकीणबाईंना विचारा. रविवारी सुट्टी आहे, मी शिडी घेऊन येतो, मिस्टरांना थांबायला सांगा.

निवृत्त_सिस्टर

आणि तोवर वरच्या बाळासाठी बंब उशिरा पेटवा म्हणावं, गॅलरीचं दार लावून. खोकला कमी आहे म्हणून रोजचा पंप स्वतःहून थांबवायचा नाही हं, कमी करायचा का ते डॉक्टर तपासून सांगतील. आज्जींना पण सांगून ठेवा, त्या मालक आहेत ना आता.